पहिलं स्मार्टवॉच मनगटावर आल्यावर काय करायचं

स्मार्टवॉचच्या खोक्यावर शंभर स्पोर्ट मोड, दोनशे वॉचफेस, ताण मोजणारं अमुक, झोप मोजणारं तमुक असं बरंच छापलेलं असतं. ज्यानं घड्याळ वर्षभर वापरलंय त्याला विचारा, उद्या ते बंद पडलं तर तुझं काय अडेल? खोक्यावरचं एकही नाव तो घेणार नाही. ‘फोन आलेला कळायचा नाही बघ,’ असं म्हणेल. वहिनींना विचारलं तर त्या म्हणतील, टायमरची सवय लागलीय. पहिल्या पाळीला जाणारा म्हणेल, पहाटेचा गजर.

हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय. नवं घड्याळ घेतलेल्यानं आधी व्हायब्रेशन नीट बसवून घ्यावं, मग गजर आणि टायमर, मग फोन शोधणं. पावलं, नाडी, झोप हे त्यानंतर. बहुतेकांचं उलटं होतं. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांचा ऑक्सिजन मोजून होतो आणि महिनाभरात घड्याळ ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

पायरी १. दुकानातच तपासून घ्या

पहिला प्रश्न घड्याळाचा नाही, फोनचा. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची गॅलॅक्सी वॉच ४ (२०२१) आणि त्यानंतरची घड्याळं आयफोनला जोडत नाहीत, त्यांना अँड्रॉइडच लागतो. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्ट्रॅक यांची स्वस्तातली घड्याळं दोन्हींना चालतात, पण आयफोनला जोडल्यावर मेसेज वाचता येतो, घड्याळावरून उत्तर देणं साधारणपणे जमत नाही.

दुसरी तपासणी मराठीची. दुकानदाराला घड्याळ तुमच्या फोनला जोडून द्यायला सांगा आणि सोबतच्या माणसाला मराठीत मेसेज टाकायला लावा. ‘ज्योतिबा’, ‘कृष्णा’, ‘रात्री’ असे जोडाक्षरांचे शब्द त्यात असू देत. काही स्वस्त घड्याळांत अक्षरांऐवजी नुसते चौकोन येतात, काहींत जोडाक्षरं फुटतात. घरचे, भावकीतले सगळे मेसेज मराठीत येत असतील तर असलं घड्याळ कितीही चकचकीत असो, घेऊ नका. ही गोष्ट खोक्यावर कुठंच लिहिलेली नसते.

मग घड्याळ हातात घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात या. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानातल्या दिव्यांखाली प्रत्येक पडदा झकास दिसतो. एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर किती वाजले ते दिसणार नसेल तर बाकीचं काय करायचं?

चार्जरही बघून घ्या. बहुतेक घड्याळांचा चार्जर चुंबकानं चिकटणारा असतो आणि एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीला बसेलच असं नाही, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही बसत नाही. हरवला तर सुटा मिळतो का, हे आधीच विचारा. पट्ट्याचं मात्र सोपं आहे. २० किंवा २२ मिलिमीटरची नेहमीची खाच असली की कुठंही दुसरा पट्टा मिळतो.

पायरी २. फोनला जोडणं

घड्याळ पूर्ण चार्ज करा. मग खोक्यावर दिलेलं ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. घड्याळ जोडायचं ते त्या ॲपमधून. थेट फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन जोडलं की कॉल येतात पण मेसेज येत नाहीत आणि मग माणूस घड्याळाला शिव्या देत बसतो.

ॲप परवानग्या मागेल. नोटिफिकेशन, कॉन्टॅक्ट आणि फोन या तीन द्याव्याच लागतात. कॉन्टॅक्टची नाही दिली तर ‘आई’ऐवजी दहा आकडे दिसतील. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथ शोधायलाही लोकेशन लागतं, त्यामुळं ते मागितलं तर दचकू नका. कॅमेरा, फोटो, फाइल्स मागितल्या आणि कशासाठी ते कळत नसेल, तर नाही म्हणा. घड्याळ चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. ‘दोन दिवस चाललं, मग मेसेज यायचे बंद झाले’ ही तक्रार घड्याळाची नसतेच. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागं चालणारी ॲप मारून टाकतो आणि त्यात घड्याळाचंही ॲप मरतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत जा, घड्याळाचं ॲप उघडा, बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही चिनी फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. एवढं केलं की निम्म्या कटकटी मिटतात.

कॉलिंगवाल्या घड्याळात आणखी एक गंमत होते. फोनवर लावलेलं भजन मनगटावर वाजायला लागतं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढच्या सेटिंगच्या चक्रावर दाबा आणि ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा. कॉल तसेच चालू राहतात.

पायरी ३. मनगटावर काय यावं, काय येऊ नये

घड्याळ उपयोगी पडणार की डोक्याला ताप होणार, हे इथं ठरतं. अनेक घड्याळांत जोडल्याबरोबर सगळ्या ॲपची नोटिफिकेशन चालू असतात. बँकेची कर्जाची ऑफर, खेळाचा स्कोअर, जेवणाच्या ॲपची सवलत, सगळ्याला हात थरथरतो. दोन दिवसांत तुम्ही बघायचं सोडता आणि तिसऱ्या दिवशी खरा फोन चुकतो.

म्हणून आधी सगळं बंद करा. मग एकेक चालू करा. माझ्या मते पहिल्या आठवड्यात चारच पुरेत: कॉल, साधे मेसेज, व्हॉट्सॲप आणि कॅलेंडर. त्यातही व्हॉट्सॲपच्या गटांना कात्री लावा. शाळेचा वर्ग, तालमीचा गट, सोसायटी, सुप्रभातवाले हे सगळे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. फोनवर ज्याचं नोटिफिकेशनच येत नाही ते मनगटावरही येत नाही.

याला कोल्हापुरात एक अपवाद. जुलै-ऑगस्टात पंचगंगेची पातळी सांगणारा गट चालू ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा निरोप आला की नदीकाठच्या गल्लीत राहणाऱ्याला, चिखली-आंबेवाडीकडं सोयरे असणाऱ्याला तो मेसेज फोन खिशातून काढायच्या आधी कळलेला बरा. भर पावसात, रेनकोटच्या आतला फोन कोण काढतो? पाणी उतरलं की गट पुन्हा म्यूट.

आता व्हायब्रेशनचा जोर. नव्या घड्याळात तो बहुधा मध्यम असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्यानं तो पूर्ण वाढवावा, कारण तिथं रिंग ऐकू येत नाही आणि खिशातला फोन जाड पँटमधून जाणवत नाही. मनगटाच्या कातडीला टेकलेली मोटर तेवढी जाणवते. ऑफिसात बसणाऱ्यानं उलट जोर कमी ठेवावा. टेबलावर हात टेकलेला असताना होणारी घरघर शेजारच्यालाही ऐकू जाते. कॉलला वेगळी आणि मेसेजला वेगळी लय देता येत असेल तर ती द्या. काही दिवसांत न बघताच कळतं की हा फोन आहे, धावायला पाहिजे.

फोन आलेला कळणं एक आणि घड्याळावर बोलणं दुसरं. मनगटावरच्या एवढ्याशा स्पीकरवर महाद्वार रोडला उभं राहून बोललात तर तुमचं घरातलं सगळं रस्त्याला कळेल आणि पलीकडच्याला फक्त हॉर्न ऐकू जातील. स्वयंपाक करताना हात पिठात असतील तेव्हा, किंवा ‘पोचलो, दोन मिनिटांत येतो’ एवढ्यासाठी ठीक. बाकी बोलायला फोनच काढा. हे फीचर हौसेचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी चालवताना तर घड्याळाकडं बघूही नका. हँडलवरचं मनगट वळवून मेसेज वाचणारे दसरा चौकात दिसतात.

ओटीपी मनगटावर दिसतो, ते सोयीचं आहे आणि धोक्याचंही. केएमटी बसच्या गर्दीत शेजारच्याची नजर तुमच्या हातावर असू शकते. मनगट वर केल्यावरच मजकूर दिसावा, अशी सोय अनेक घड्याळांत असते. ती चालू ठेवा.

पायरी ४. गजर आणि टायमर

या दोन गोष्टी दोनशे रुपयांच्या घड्याळातही असतात, मग इथं नवं काय? आवाज नाही, हे नवं. पहाटे दूध संस्थेत दूध घालायला जाणारा, सातच्या पाळीला निघणारा, चार वाजता उठून अभ्यास करणारी मुलगी, या सगळ्यांच्या गजरानं घरातले बाकीचे उठतात. घड्याळाचा गजर फक्त घालणाऱ्याला उठवतो. एका खोलीत चौघं झोपत असतील तर याची किंमत सांगायला नको.

दोन काळज्या घ्या. गजर घड्याळातच लावा, कारण फोनमधला गजर घड्याळावर येईलच याची खात्री नाही. आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असताना गजर थरथरतो का, हे सुटीच्या दिवशी एकदा तपासा. बहुतेक घड्याळांत थरथरतो. झोप गाढ असेल तर पाच मिनिटांनी दुसरा गजर ठेवा.

टायमरसाठी एखाद्या बटणाला किंवा स्वाइपला शॉर्टकट द्या, नाहीतर चार पडदे ओलांडून तिथं पोचेपर्यंत दूध उतू जातं. पांढरा रस्सा मंद आचेवर ठेवून बाहेर गप्पा मारत बसायचं, बोअरची मोटर चालू करून टाकी भरायची वाट बघायची, हे सगळं टायमरवर सोडता येतं. ॲपल वॉचला किंवा गुगलची वेअर ओएस असलेल्या घड्याळाला तोंडानं सांगूनही टायमर लागतो. स्वस्त घड्याळांत बोललेलं फोनकडं जातं, म्हणून फोन जवळ लागतो.

पायरी ५. फोन शोधणं

घड्याळावर ‘फाइंड फोन’ दाबलं की फोन वाजतो, अनेकदा सायलेंटवर असला तरी. गादीखालचा, फ्रिजवरचा, गाडीच्या डिकीतला फोन सापडतो. ब्लूटूथचा पल्ला घरात साधारण दहा मीटर धरा, भिंती आल्या की त्याहून कमी. म्हणजे फोन शेजाऱ्यांकडं राहिला असेल तर घड्याळ काही करू शकत नाही.

याच्या उलट्या बाजूचं फीचर जास्त मोलाचं आहे आणि ते बहुधा बंद असतं. फोन लांब गेला की घड्याळ थरथरतं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला, एसटी स्टँडवर जाण्याआधी ते चालू करा. चहाच्या टपरीवर फोन विसरून निघालात तर चार पावलांवर नाही, पण रस्ता ओलांडेपर्यंत कळतं.

पायरी ६. पावलं, नाडी आणि बाकी आकडे

आता रंकाळा तलावावर फिरायला चला. घड्याळात पावलं मोजणारा कुणी नसतो. ॲक्सिलरोमीटर नावाची चिप हाताचा झोका मोजते. म्हणून भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याची पावलं कमी भरतात, कारण त्याचे हात दांड्यावर स्थिर असतात. कणीक मळणाऱ्या बाईची पावलं उभ्या जागी वाढतात. खड्ड्यातून गाडी नेली तरी दोन-चारशे फुकट मिळतात. तेव्हा आजचा आकडा बघू नका, आठवड्याचा कल बघा.

दहा हजार पावलांचं ओझंही घेऊ नका. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात पावलं वाढतील तसा मृत्यूचा धोका कमी होताना दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. तुमच्या सासूबाई सहा हजारांवर थकत असतील तर त्यांना घड्याळ दाखवून टोचू नका.

नाडी मोजायला घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्याबरोबर शोषण कमी-जास्त होतं, परतलेल्या प्रकाशावरून गणित मांडलं जातं. हे कळलं की घड्याळ कसं घालायचं ते आपोआप कळतं. मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, करंगळी जेमतेम आत जाईल इतकं घट्ट. सैल असलं की बाहेरचा उजेड आत शिरतो. गोंदण किंवा टॅटूवरही गडबड होते. आणि भराभर चालताना नाडी आणि पावलांचा वेग एकच दिसायला लागला, तर घड्याळ ठोके सोडून पावलंच मोजतंय असं समजा. थांबा, पट्टा आवळा, पुन्हा बघा.

रंकाळ्याची फेरी किलोमीटरमध्ये हवी असेल तर घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे का ते बघा. स्वस्त घड्याळं फोनचं जीपीएस वापरतात, म्हणजे फोन खिशात हवाच. तो घरी ठेवलात तर पावलांवरून अंदाज काढला जातो.

रक्तदाबाबद्दल कडक बोलतो. दंडाला पट्टा न बांधता दोन हजारांचं घड्याळ जो बीपी दाखवतं त्यावर एकही गोळी कमी-जास्त करू नका. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, त्यांनाही खऱ्या बीपी मशिनशी दर २८ दिवसांनी जुळवून घ्यावं लागतं. सुई न टोचता साखर सांगतो म्हणणारं घड्याळ तर हातात घेऊच नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहायला सांगितलं, कारण एकाही असल्या उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. ॲपलनं २०१८ मध्ये मनगटावर ईसीजी आणला, तो ठोक्यांतली अनियमितता पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत कळ आली तर घड्याळ बघत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

झोप आणि ताणाचे गुण मी तर बघणंच सोडा म्हणेन. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो एवढं घड्याळ बरं सांगतं. आतल्या झोपेचे थर हा अंदाज असतो, आणि सकाळी ‘झोप वाईट झाली’ असं वाचून चांगला उठलेला माणूसही जांभया द्यायला लागतो.

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घेत असाल तर फॉल डिटेक्शन आहे का ते बघा. जोरात पडल्यावर माणूस हलला नाही तर घड्याळ मदतीला फोन करतं. ॲपल वॉचमध्ये ५५ वर्षांवरच्यांना हे आपोआप चालू होतं, पण त्यासाठी जन्मतारीख खरी भरलेली हवी. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये पुण्यातल्या मुलासोबत गल्लीतला एखादा माणूसही घाला. पुण्याहून यायला चार तास लागतात.

पायरी ७. पाणी, रंग आणि लेथ

‘५ एटीएम’ म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्यात जा असं नाही, तेवढ्या स्थिर पाण्याचा दाब चाचणीत सोसलाय एवढंच. पाऊस, हात धुणं, तलावातलं पोहणं चालतं. ज्याच्या घड्याळाला नुसता आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आहे त्यानं पोहू नये. गरम पाण्याची आंघोळ दोघांनीही टाळावी, कारण साबण आणि वाफ रबरी सील खराब करतात. आंघोळीच्या वेळी घड्याळ चार्जिंगला लावा, रोज वीसेक मिनिटं मिळाली की रात्री गजरासाठी बॅटरी उरते. पडदा कायम चालू ठेवणारं ‘ऑलवेज ऑन’ बंद केलं तर आणखी बरं.

पावसात पडद्यावर थेंब पडले की घड्याळाला वाटतं बोट लागलं. आपोआप कुणाला तरी फोन जातो. पडद्याचा स्पर्श बंद करणारं वॉटर लॉक त्यासाठीच असतं. रंगपंचमीला मात्र घड्याळ घरी. रंग माइकच्या भोकात गेला की निघत नाही.

पट्ट्याखाली घाम आणि साबण राहून पुरळ येतं. रोज पुसा, रात्री थोडा वेळ काढा.

उद्यमनगरात लेथवर, ड्रिलवर किंवा कुठल्याही फिरत्या यंत्रावर काम करणाऱ्यानं घड्याळ काढून खिशात ठेवावं. सिलिकॉनचा पट्टा सहजी तुटत नाही, आणि तो यंत्रावर फिरणाऱ्या जॉबमध्ये अडकला तर हात सोबत ओढला जातो. फोन चुकला तर चुकू दे. मातीत उतरणाऱ्या पैलवानाला वेगळं सांगायला नको, पण हल्ली जिममध्ये जोडीत कुस्तीचा सराव करणारी पोरं घड्याळासकट भिडतात, समोरच्याच्या डोळ्याला लागतं.

पायरी ८. दोन दिवस काढून ठेवा

तीन-चार आठवडे वापरून झालं की घड्याळ दोन दिवस कपाटात ठेवा. त्यातला एक कामाचा असू दे आणि एक सुटीचा. साधं घड्याळ घाला किंवा काहीच घालू नका. कागदावर फक्त एवढंच लिहा, की हात कधी कधी मनगटाकडं गेला आणि कशासाठी.

वेळ बघायलाच जात असेल तर तुम्हाला पाचशे रुपयांचं साधं घड्याळ पुरतं, आणि ते वर्षानुवर्षं चार्ज करावं लागत नाही. फोन चुकले असतील, गजरानं घर उठलं असेल, टायमर नसल्यानं भाजी लागली असेल, तर तुमची यादी तयार झाली. पुढचं घड्याळ घेताना त्या यादीत जे नाही त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. ज्याच्या यादीत फक्त व्हायब्रेशन आहे त्याला साधा फिटनेस बँडसुद्धा चालतो, तो हलका असतो आणि बॅटरीही जास्त दिवस टिकते. पळणाऱ्याच्या यादीत जीपीएस येईल, त्यानं तिथं पैसे घालावेत.

यादी कोरीच राहिली तर घड्याळ घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. देण्याआधी ॲपमधून ‘अनपेअर’ करा, मग घड्याळाच्या सेटिंगमधून ‘फॅक्टरी रीसेट’. ॲपल वॉच असेल तर ते आयफोनवरूनच अनपेअर करा, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक राहतो आणि पुढचा माणूस तुमचा पासवर्ड विचारत तुमच्याकडं येतो. चार्जर सोबत द्यायला विसरू नका.